टाके धरेपर्यंत

या माय, अशा जवळ येऊन बसा. कीर्तनाला अजून अवकाश आहे. मृदंगाला कणीक लावायचं चाललंय आणि महाराज वाटेत आहेत. तेवढ्या वेळात मंजुषाची गोष्ट सांगून होईल. गोड नाही ही गोष्ट. हिच्यात भांडण जास्त आणि माया थोडी. शिवाय शरीराच्या अशा जागेचं बोलणं आहे, की तिचं नाव आपण बाया एकमेकींच्या कानातसुद्धा घेत नाही. तरी ऐका. देवाच्या दारात बोलायचं नाही तर कुठं बोलायचं?

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याखाली एक गाव आहे. तिथं माघात हरिनामाचा सप्ताह बसतो. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं, आणि त्या गावची रीत अशी, की काला एकाच घरच्या सवाष्णीनं कालवायचा. तिनं उपाशी राहायचं, आडावर अंघोळ करायची आणि अंगावर ओलं लुगडं तसंच ठेवून मंडपात यायचं. मग मोठ्या परातीत लाह्या, दही, डाळ, लोणचं दोन्ही हातांनी एक करायचं. हा मान रुख्मिणीबाईच्या घराचा. ती नवी नवरी होऊन आली तेव्हापासून तिनंच काला कालवला. कीर्तनाची तिला मनापासून ओढ. अंगात ताप असला तरी तिनं कधी कीर्तन चुकवलं नाही. पण मालक गेले, कपाळ पुसलं, आणि परात तिच्या हातून सुटली. मान घरात ठेवायचा तर आता एकच वाट होती, ती म्हणजे थोरली सून. थोरली आणि एकुलती. तीच मंजुषा.

मंजुषा सेनगावकडची. गळा गोड. गवळण म्हणायला लागली की टाळकरी मागं वळून बघायचे. लग्नाला थोडी वर्षं झाली, पदरात एक लेक आली आणि तिला रक्ताची संडास लागली. गोळ्या झाल्या, सलाईन झाले, तोंड सुजलं, अंग वाळलं. शेवटी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मोठं आतडंच काढून टाकावं लागलं. लहान आतड्याचं टोक दुमडून डॉक्टरांनी आतल्या आत एक थैली शिवली आणि ती खाली संडासच्या जागेला जोडली. तिला पाऊच म्हणतात. हा जोड बरा होईपर्यंत आतडं पोटावर काढून बाहेरून पिशवी लावली होती, तीही नंतर निघाली. मंजुषा पुन्हा खाऊ-पिऊ लागली. त्या माघात तिनं काला कालवला. रुख्मिणीबाईनं गावभर सांगितलं, माझी सून देवानं परत दिली.

पुढं पावसाळा सरता सरता एका एकादशीला ती कीर्तनात टाळी वाजवत बसली होती. अचानक तिला कळलं, की वारा पुढून सरला. नको त्या वाटेनं. तिला वाटलं भास झाला. पण चार दिवसांनी पातळ मैलाही त्याच वाटेनं आला. आतला पाऊच आणि बाईचा योनीमार्ग यांच्यामध्ये एक बारीक वाट पडली होती. डॉक्टर तिला फिस्टुला म्हणतात. मंजुषानं ते कोणाला सांगितलं नाही. दिवसातून कितीदा कापडाची घडी बदलायची, कितीदा धुवायचं, आणि तरी वास. आधी ती कीर्तनात मागं बसू लागली, मग मंडपाबाहेर, मग यायचीच बंद झाली. घरात सासू म्हणाली, "संडासाला गेल्यावर हातपाय धूत जा गं, घर वास मारून राहिलं."

ती दवाखान्यात गेली ती वैजनाथला, म्हणजे नवऱ्याला, अर्धंच सांगून. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं आणि समजावलं, की यात तुझी चूक नाही. जोडाजवळ कधीकधी अशी वाट पडते. ती शिवता येते, पण एकाच खेपेत धरेलच असा भरवसा नाही. आणि शिवलेल्या जागेवरून मैला जात राहिला तर ती कधीच धरणार नाही. म्हणून पुन्हा पोटावर पिशवी लावायची, मैला वरच्या वर वळवायचा आणि खालच्या टाक्यांना विसावा द्यायचा. नंतर खालून औषध सोडून फोटो काढायचा. औषध गळत नाही असं डोळ्यांनी बघायचं, आणि मगच पिशवी बंद करायची. त्याच्या आधी नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं, वैजनाथसमोर आणि सासूसमोर.

टाके घातले. पिशवी लागली. आणि आला माघ.

आता बघा, चूक कशी होते ती. रुख्मिणीबाईच्या लेखी दुखणं म्हणजे ती पिशवी. आत काय शिवलंय ते दिसत नाही, पिशवी दिसते. पिशवी आहे तोवर बाई विटाळलेली, पिशवी गेली की शुद्ध. सप्ताह तोंडावर आलेला, आणि ओल्या लुगड्यात पिशवी लपत नाही. मग डॉक्टरीणबाईंची तारीख बाजूला राहिली. रुख्मिणीबाई सुनेला घेऊन दुसऱ्याच एका गावच्या, दुसऱ्याच एका दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरनं विचारलं, खालचा फोटो काढला का, गळती नाही ना? रुख्मिणीबाई म्हणाली, "व्हय, काढला. समदं बराबर हाय." डॉक्टरनं मंजुषाकडं पाहिलं. मंजुषानं मान खाली घातली आणि गप्प बसली. तिलाही काला कालवायचा होता ना माय. तिलाही वाटलं होतं, की टाके धरले असतील.

पिशवी बंद झाली. जखम ओली असतानाच तिनं काला कालवला आणि गावानं खाल्ला. होळी आली तशी खालची वाट पुन्हा वाहू लागली. पहिल्यापेक्षा मोठी.

मग घरात जे सुरू झालं, त्याला भांडणसुद्धा म्हणता येत नाही. भांडणात दोघं बोलतात. इथं एकच बोलायची. रुख्मिणीबाईचं म्हणणं होतं, की सुनेच्या मनातच काही खोट होती. खोट्या मनानं काल्याला हात लावला म्हणून देवानं फळ दिलं. खोटं दवाखान्यात कोण बोललं, हे ती विसरली नव्हती. विसरली असती तर एवढी चिडली नसती. मंजुषाचं ताट वेगळं झालं, मग तांब्या, मग अंथरूण गेलं मागच्या पडवीत. नात आईजवळ निजायला निघाली की आजी तिला हाताला धरून आत ओढायची. रुख्मिणीबाईची चुलत जाऊ बेबीबाई शेजारीच राहायची. काल्याच्या मानावर तिचा डोळा जुना. तिला वासावरून सगळं समजलं. ती गावभर म्हणत फिरली, की त्या हातचा काला आपल्याला चारला, आता आपल्या पोटात काय गेलं ते पांडुरंगालाच ठाऊक.

मंजुषा पुन्हा त्याच डॉक्टरीणबाईंकडं गेली. त्या रागावल्या नाहीत, हेच तिला जास्त लागलं. या वेळी नुसते टाके पुरणार नव्हते. त्यांनी मांडीच्या आतला एक स्नायू सोडवला, त्याचा रक्तपुरवठा न तोडता तो आतून वळवला आणि पाऊच नि योनीमार्ग यांच्यामध्ये भिंतीसारखा बसवला. मांडीवर लांब चीर आली, चालताना पाय ओढायचा. पोटावर पुन्हा पिशवी. त्यांनी सांगितलं, की हे जपलं तर धरायची आशा चांगली आहे. हेही फाटलं तर पुढं पाऊचच काढावा लागेल आणि पिशवी जन्मभराची होईल. फोटोची तारीख दिली ती माघ सरल्यावरची.

मंजुषानं ती तारीख उराशी धरली. एवढंच तिचं मागणं, की तोवर पिशवीला कोणी हात लावू नये.

सप्ताहाची वर्गणी फिरू लागली तशी रुख्मिणीबाईनं ओसरीवर वैजनाथला बसवलं आणि सुनेला बोलावलं. बेबीबाईनं गावच्या मंडळींकडं बोलणं लावलं होतं, की या साली रुख्मिणीच्या घरून काला होणार नसेल तर मान आमच्याकडं द्या, कायमचा. रुख्मिणीबाई त्यांना शब्द देऊन आली होती, सून ठणठणीत आहे, पिशवी केव्हाच निघाली.

मंजुषा उभ्या उभ्याच म्हणाली, "पिशवी हाय. फोटो होईस्तोवर राहणार."

"मागल्या खेपेला तुला कोण धरून नेलं होतं का?" रुख्मिणीबाई म्हणाली. "तुझ्याच पायानं आलीस की."

"आले. गप्प बी बसले. त्याचं फळ भोगून राहिले. आता न्हाई."

वैजनाथनं मधेच विचारलं, की आठ दिवस अलीकडं फोटो नाही का होणार. बोलताना तो खाली बघून जोड्याचा बंद ओढत होता. मंजुषा त्याला म्हणाली, "तुमी माझ्याकडं बघून इचारा ना." तो उठून बैलांना पाणी दाखवायला गेला.

रुख्मिणीबाई मग हळू आवाजात बोलली, आणि तिचा हळू आवाज जास्त वाईट. तिची तोड अशी होती, की पिशवी राहू दे, पण झाकून. आदल्या दिवसापासून काही खाऊ-पिऊ नकोस, म्हणजे ती भरणार नाही. पोटाला धोतराचा पट्टा आवळून बांधू, वरून जाड लुगडं. ओलं झालं तरी कोणाला काय दिसतंय. गाव खाईल, मान राहील, आपलं आपल्यात.

वर्षभर जिनं विटाळ विटाळ म्हणून तिचं ताट वेगळं केलं, तीच आता तोच विटाळ पट्ट्यात बांधून देवापुढं न्यायला तयार होती. मंजुषानं विचारलं, "आत्याबाई, मी बाटलेली हाय का न्हाई ते एकदा सांगा. हाय तर मला काहून नेता? न्हाई तर झाकता काहून?"

"तोंड वर करून बोलू नको," रुख्मिणीबाई म्हणाली. "या घरात राहायचं असंल तर काला कालवायचा. न्हाईतर तुझं माहेर काय लांब न्हाई."

माय, मला कीर्तन जिवापाड आवडतं, तुम्हाला ठाऊक आहे. त्या काल्याच्या कीर्तनाला महाराज चांगले होते, तेही गाव सांगतं. त्यांनी काय रंगवला हो तो प्रसंग! कृष्ण गोपाळांच्या मधोमध बसलाय, कोणाच्या शिदोरीतली शिळी भाकर, कोणाचं आंबट ताक, कोणाचा अर्धा खाल्लेला घास, सगळं एक करतोय आणि आधी आपल्या तोंडात घालतोय. उष्टं म्हणून नाही, विटाळ म्हणून नाही. ऐकणाऱ्या बाया डोळे पुसत होत्या. रुख्मिणीबाईही पुसत होती.

त्याच सकाळी घरात, न्हाणीजवळ, तिनं सुनेच्या पोटाला पट्टा आवळला होता. लेकीला सोडून माहेरी जावं लागेल या धाकानं मंजुषा आदल्या दिवसापासून उपाशी. जीभ टाळूला चिकटलेली, पायात गोळे येत होते, कारण पिशवीवाल्या माणसाच्या अंगातलं पाणी लवकर जातं, आणि तिला पाणीही पिऊ दिलं नव्हतं. पट्ट्याचा पहिला फेरा बसला. दुसरा बसला. पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड दाबलं गेलं तशी तिला कळ आली, थेट मांडीपर्यंत. तिनं सासूचा हात धरला आणि सांगितलं की सोडा. रुख्मिणीबाईनं तिसरा फेरा घेतला. म्हणाली, "मी बाळंतपणाच्या चौथ्या दिशी काला कालवलाय. तुला काय झालंय?"

मंजुषानं पट्टा सोडला. फेऱ्यामागून फेरा सोडून खाली टाकला. घडवंचीवरचा तांब्या उचलून घटाघट पाणी प्यायली. उपास तिथंच मोडला. मग आडावर गेली, डोक्यावरून घागर घेतली आणि ओल्या लुगड्यानं मंडपाकडं निघाली. ओलं कापड अंगाला चिकटलं, आणि उजव्या कुशीवर पिशवी दिसत होती, जशी आहे तशी. वाटेत एक म्हातारी बाजूला सरकली तेवढीच.

मंडपात परात मांडलेली. महाराज कृष्णाचं बोलून विसाव्याला थांबले होते. मंजुषा परातीपाशी गेली पण बसली नाही. ती म्हणाली, "माझं आतड्याचं आपरेशन झालंय. खाली टाके हायेत, ते धरेपर्यंत पोटाला ही पिशवी हाय. हात धुऊन आले. कोणाची हरकत असंल तर आताच सांगा, मागून न्हाई."

टाळ थांबले. वैजनाथ टाळकऱ्यांत उभा होता. त्याचे हात तसेच अधांतरी राहिले.

बेबीबाई उठली. "पाहा माय, पाहा," ती म्हणाली, "रुख्मिणी म्हणती पिशवी निघाली, आन् सून पोटाला गू बांधून देवापुढं आली. सासू-सुना बऱ्या जमल्या." दोनचार जण हसले. एक जण म्हणाला, महाराजांनाच विचारा. आणि महाराज, ज्यांनी आत्ताच उष्ट्या घासावर अर्धा तास रडवलं होतं, ते उपरणं नीट करत म्हणाले, की हा गावचा प्रश्न आहे, ग्रामस्थांनी ठरवावं. मला त्यांचं कीर्तन आजही आवडतं. पण त्या वाक्याला मी अजून माफी दिलेली नाही.

ग्रामस्थांनी ठरवलं, म्हणजे कोणी काही बोललं नाही. बेबीबाईनं परात ओढून आपल्या सुनेपुढं सरकवली. मंजुषा बघत राहिली. दह्यात हात बुडाले, लाह्या भिजल्या. ती मागं फिरली, तर मंडपाच्या दारात रुख्मिणीबाई उभी. तिनं गळा काढला नाही, मारलं नाही. हातातली काल्यासाठी आणलेली लोणच्याची बरणी तिनं सुनेच्या पायाजवळ ठेवली आणि म्हणाली, "घेऊन जा माहेरी. तिकडं खा. माझ्या दारात पाय ठेवू नको."

दुपारी वैजनाथनं तिला मोटारसायकलवर औंढ्याच्या स्टँडवर सोडलं. वाटेत तो एकदाच बोलला. म्हणाला, झाकलं असतंस तर काय बिघडलं असतं. लेक आजीजवळ राहिली होती.

माहेरीही काही पायघड्या नव्हत्या. भावजयीनं पहिल्याच दिवशी विचारलं, की किती दिवस. पण कोणी पिशवीला हात लावला नाही, आणि तिला तेवढंच हवं होतं.

तारखेला ती एकटीच एसटीनं दवाखान्यात गेली. तपासणीआधी तिला वॉर्डात ठेवलं. शेजारच्या खाटेवर केशरबाई म्हणून होती. दुखणं हेच, पाऊच हाच, वाट हीच. तिला तीनदा शिवलं होतं. मांडीचा स्नायूही लावून झाला होता आणि तोही धरला नव्हता. काही चुकलं नव्हतं तिचं. सगळं जपूनही तिचं अंगच धरत नव्हतं. आता पाऊच काढून पिशवी कायमची करायची होती. सासरचं कोणी येत नव्हतं आणि ती कोणाची वाटही बघत नव्हती. जीभ मात्र धारेची. मंजुषा देवाचं नाव घेत बसलेली पाहून म्हणाली, "घे घे. तुझं ऐकलं तर सांग, मी बी नंबर लावते."

दुसऱ्या दिवशी खालून औषध सोडलं. मंजुषा टेबलावर कुशीवर पडून होती, भिंतीकडं तोंड करून. वळा म्हटलं की वळत होती. डॉक्टरीणबाई पडद्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग तिला म्हणाल्या, "तुम्हीच बघा." पडद्यावर पांढरी थैली भरत होती. पांढरं सगळं थैलीतच होतं. बाजूला काळंच. वाट बंद झाली होती.

थोड्या दिवसांनी पिशवीही बंद झाली. ती वॉर्डात पडून असताना वैजनाथ आला. लेकीला संगं आणलं होतं. म्हणाला, "आई म्हणून राहिली, आता शुद्ध झाली असंल तर ये."

"मी त्या दिशी बी शुद्धच होते," मंजुषा म्हणाली. "लेकीसाठी येते. माझी चूल वायली मांडा."

त्यानं वेगळी चूल मांडली. मागच्या पडवीत, पण मांडली. ती घरी गेली त्या दिवशी रुख्मिणीबाई ओसरीवर तुरीची डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "झाली का मोकळी? तुझ्यापायी घराचा मान गेला."

"व्हय, गेला," मंजुषा म्हणाली, आणि पाय ओढत मागं गेली. दोघी अजून बोलत नाहीत. काला बेबीबाईच्या घरचा झाला. मंजुषा कीर्तनाला येते, गवळण म्हणते. काल्याच्या दिवशी तेवढी येत नाही.

ते बघा, महाराज आले. उठा, पण एक मागणं ऐकून उठा. दवाखान्यातून निघताना मंजुषा केशरबाईच्या खाटेशी थांबली होती. केशरबाई तिच्याकडं न बघता म्हणाली, "बऱ्या झालेल्या बाया इसरतात. तू बी इसरशील." मंजुषा विसरली नाही. तिनंच मला हे नाव सांगितलं आणि चौघींत सांग म्हणाली. सेनगावच्या बाजूला कुठल्याशा गावात ती आहे, पोटाला पिशवी घेऊन, आता जन्मभराची. आज भजनाला हात जोडाल तेव्हा स्वतःसाठी काही मागण्याआधी तिचं नाव घ्या. केशरबाई.